बोटाचा अंदाज

नत्थूजी रंगाऱ्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मुकी झाली होती आणि हे अजून कोणालाही ठाऊक नव्हतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. आधी नुसत्या मुंग्या यायच्या, मग त्याही थांबल्या. एकदा चुलीतलं लाकूड सारताना करंगळीला मोठा फोड आला, तो त्यांना दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी दिसला. कोपराखाली एक फिकट चट्टा होता. त्यावर घाम येत नव्हता, माशी बसली तरी कळत नव्हतं. तेव्हापासून नत्थूजी उन्हाळ्यातसुद्धा सदऱ्याच्या बाह्या खाली सोडून वावरू लागले.

असा चट्टा कशाचा असतो हे देवळी गावात कोणाला सांगावं लागत नव्हतं. नाल्यापलीकडे भैयाजीची झोपडी होती. भैयाजी एके काळी चांगला दोन बैलजोड्यांचा शेतकरी. बोटं झडू लागली तसं घरच्यांनी त्याला तिकडे नेऊन ठेवलं. त्याचा मुलगा रोज सकाळी एका दगडावर भाकर ठेवी, लांबूनच हाक मारी आणि मागे फिरे. नत्थूजींची कामावर जायची वाट त्याच बाजूने होती.

म्हणून घरी त्यांनी आपली ताटली आणि पाण्याचा गडवा वेगळा केला. बायकोला सांगितलं, नेम धरला आहे.

"कोन्या देवाचा नेम हाय हा?" देवकाबाई म्हणाली. "मिरचीचा ठेचा चालते, वांग्याची भाजी चालते, फक्त बायकोनं घासलेलं ताट चालत नाई."

"असते एकेकाचा नेम," म्हणून नत्थूजी उठून गेले. आपली ताटली त्यांनी राखेनं स्वतः घासली आणि वेगळ्या कोनाड्यात ठेवली.

ते काम करत ती रंगशाळा गावाबाहेर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनाच्या मागच्या पडवीत होती. खादीच्या थानांवर लाकडी ठसे मारून फुलं, वेली छापायच्या, असं ते काम. नत्थूजी तिथले सगळ्यात जुने कारागीर. रंगाच्या हंड्यात बोट टेकवून पाणी किती तापलं ते सांगणं हे त्यांचं खास काम होतं. त्यांच्या बापानेही असंच बोट टेकवून रंग शिजवला होता. बोट टेकवताच मागे घ्यावंसं वाटलं तर हंडा तयार; टेकवून ठेवता आलं तर अजून लाकूड सारायचं. या परीक्षेवर आजवर कोणी शंका घेतली नव्हती.

रंगशाळेची अडचण वेगळीच होती. काही रंगांची भुकटी पाण्यात विरघळत नाही. ती डिंकात कालवून छापली तर फूल सुरेख उमटे, पण पहिल्याच धुण्यात नाल्याच्या पाण्याबरोबर वाहून जाई. यावर उपाय करण्यासाठी व्यवस्थापक सदाशिवरावांनी प्रेमदासला बोलावून घेतलं.

प्रेमदास देवळीजवळच्याच एका खेड्यातला. नागपूरला विज्ञान शिकलेला, मग मुंबईच्या एका रंगाच्या कारखान्यात राहून आलेला. आदल्या वर्षीच्या दसऱ्याला त्याच्या घरची सगळी माणसं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली होती. तो रंगशाळेत आला तेव्हा पहिले काही दिवस नत्थूजी त्याला गडव्यातून वरून धार धरून पाणी पाजत. तो ओंजळ पुढे करून पीत असे. मग एक दिवस त्याने स्वतःचा माठ आणला, पडवीच्या मधोमध ठेवला आणि म्हणाला, "ज्याले ज्याले तहान लागन त्यानं घ्या." दुपारच्या उन्हात आधी ठसेवाले माठाकडे गेले. शेवटी नत्थूजीही गेले.

रंग पक्का धरणाऱ्या औषधाचा पहिला घाणा लावायच्या दिवशी प्रेमदासने नत्थूजींना समोर बसवून सगळं समजावलं. समजावून सांगायला त्याला मनापासून आवडे.

"या बाटलीतलं औषध पाण्यात मिसळत नाई," तो म्हणाला. बाटलीवर व्हायनिल ॲसिटेट असं लिहिलेलं होतं आणि बूच काढताच डोळ्यांत पाणी आणणारा गोडसर वास आला. "तेलावानी वर येते. म्हणून त्यात साबण टाकाचा, बाभळीचा डिंक टाकाचा, अन् घुसळत राहाचं. मंग त्याचे बारीक थेंब पाण्यात तरंगत राह्यतात. दुधात लोणी नसते का? दिसत नाई, पण असते."

"अन् हा चिमूटभर खार कायले?"

"हा उत्प्रेरक. हा पडल्याशिवाय काम सुरूच होत नाई."

"म्हंजे इरजन."

"इरजनच समजा," प्रेमदास हसला. "फक्त हे इरजन दूध जमवत नाई, दूध बनवते."

मग त्याने मुलांच्या साखळीच्या खेळाची आठवण करून दिली. त्या खेळात एकावर राज्य येतं. तो दुसऱ्याला पकडतो, मग दोघं हात धरून तिसऱ्याला पकडतात, आणि बघता बघता सगळ्या अंगणाची एक साखळी होते. बाटलीतल्या द्रवाचे रेणू असेच सुटे सुटे असतात. गरम पाण्यात त्या क्षाराचे तुकडे होतात आणि त्यातला एखादा तुकडा एका रेणूला पकडतो. तो दुसऱ्याला पकडतो, दुसरा तिसऱ्याला. हजारोंची साखळी झाली की ती गुंडाळली जाऊन तिचा गोळा होतो, आणि अशा कितीतरी साखळ्यांचा मिळून एक कण. तो इतका बारीक, की पाण्याच्या एका थेंबात असे अगणित कण मावावेत. प्रत्येक कणाच्या अंगावर साबणाचं आणि डिंकाचं पांघरूण असतं, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. पण हे दूध रंगात कालवून कापडावर छापलं आणि पाणी उडून गेलं, की कण एकमेकांवर दाबले जातात, पांघरुणं फाटतात आणि सगळ्यांचा मिळून एक पापुद्रा होतो. रंग त्या पापुद्र्यात अडकून बसतो.

"मंग यात भेव कायचं हाय?" नत्थूजींनी विचारलं. कोणत्याही नव्या कामाविषयी ते हेच आधी विचारत.

"तापमानाचं. पाणी थंड असलं तं खार झोपून राह्यते. अन् साखळ्या जुळताना आतूनच गरमी निघते, नत्थूजी. एकदा काम सुरू झालं का निखारे ओढून घ्याचे. नाई घेतले तं आतली गरमी अन् बाहेरची गरमी एक होते, सगळं उतू जाते, अन् दुधाचा गोळा होऊन बसते. तो मंग कायच्याच कामाचा नाई."

घाण्याची मांडणी साधी होती. शेगडीवर तांब्याचं गंगाळ, गंगाळात पाणी, पाण्यात काचेचा चंबू. गंगाळावर लाकडी झाकण. त्याला चंबूची मान बाहेर यावी एवढं एक भोक आणि हात घालण्यापुरती एक खिडकी. वर थंड पाण्याची नळी, वाफ पुन्हा खाली उतरावी म्हणून. दूध ढवळायला हाताने फिरवायचं चाक. पहिल्या घाण्याला प्रेमदासकडे तापमापक होता, तरी नत्थूजी मध्ये मध्ये डाव्या हाताचं बोट खिडकीतून टेकवून अंदाज सांगत, आणि काचेच्या नळीतला पारा तेच सांगे. प्रेमदासला फार गंमत वाटली. संध्याकाळपर्यंत चंबूत निळसर छटेचं पांढरं दूध तयार झालं. त्यात कालवून छापलेलं फूल सोड्याच्या पाण्यात उकळलं तरी हललं नाही. नत्थूजींनी तो तुकडा उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिला.

"आता हे फूल माह्यासोबतच म्हातारं होईन," ते म्हणाले.

साहित्य आवरताना तापमापक प्रेमदासच्याच हातून ओट्यावरून घरंगळला आणि फुटला. नवा मुंबईहून यायचा होता. माघात नागपूरला प्रदर्शन भरणार होतं आणि सदाशिवरावांना तोवर पुरेसं छापील कापड हवं होतं.

"थांबायची काय गरज?" सदाशिवराव म्हणाले. "आपल्याकडे नत्थूजी आहेत ना."

प्रेमदासने नत्थूजींकडे पाहिलं. "माह्या डोळ्यांसमोर तुमचं बोट पाऱ्यासंगं जुळलं. तुमी हो म्हनान तं लावू घाणा."

नत्थूजींना नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं की नाल्यापलीकडची वाट. शिवाय उजवा पंजा सगळाच बधिर होत चालला असला तरी डावा हात चांगला होता, असं त्यांना वाटत होतं. गेले काही दिवस डावं कोपर आणि मनगट ठणकत होतं खरं. ते चाक फिरवल्यामुळे असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

दुसरा घाणा पौषातल्या एका सकाळी लावला. थंडी कडक होती. कोमट पाण्यालाही धूर सुटावा तशी वाफ सुटत होती, त्यामुळे वाफेवरून काही कळण्यासारखं नव्हतं. प्रेमदास चाक फिरवत होता. त्याने मोजून ठेवलेला क्षार पाण्यात विरघळवला आणि विचारलं, "पाहा बरं."

नत्थूजींनी खिडकीतून डावं बोट पाण्यात टेकवलं. पाणी लागलं, पण दुरून लागल्यासारखं. बोटाभोवती फडकं गुंडाळून पाणी चाचपावं तसं. थंडीनं बोट बधिर झालं असेल, ते मनाशी म्हणाले. त्यांनी बोट काखेत धरून उबवलं आणि पुन्हा टेकवलं. तसंच.

तेव्हाच बोलायला हवं होतं. "मले समजत नाई," एवढे तीनच शब्द होते. ते ओठांपर्यंत आलेही. पण चाक थांबवून प्रेमदासने "कामून?" असं विचारलं तर काय सांगायचं, ते सुचेना.

"अजून कोमटच हाय," नत्थूजी म्हणाले आणि त्यांनी शेगडीत निखारे सारले.

थोड्या वेळाने प्रेमदासने पुन्हा विचारलं. "आता?"

"येऊन राह्यलं."

प्रेमदासने क्षाराचं पाणी चंबूत सोडलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग चंबूतलं पाणी दुधाळलं आणि प्रेमदास म्हणाला, "सुरू झालं. गरम लय झालं असंन तं निखारे ओढा." नत्थूजींनी बोट टेकवलं. बोट काहीच म्हणालं नाही. त्यांनी निखारे तसेच राहू दिले.

चंबूतून गुरगुर ऐकू आली. वरच्या नळीतून वाफेचा लोट निघाला, तोच उग्र गोडसर वास पडवीभर पसरला, आणि पांढरा फेस मान ओलांडून झाकणावर आला. प्रेमदासच्या हातातलं चाक जड झालं आणि अडकलं. आत दूध राहिलं नव्हतं, घट्ट पांढरा गोळा झाला होता.

"गंगाळ उतरवा, लवकर," प्रेमदास म्हणाला आणि फडकं शोधू लागला.

तो फडकं घेऊन वळला तेव्हा नत्थूजींनी गंगाळाच्या दोन्ही कड्या उघड्या हातांनी धरून ते उचललं होतं. त्यांनी ते शांतपणे, न डचमळता खाली ठेवलं. आतलं पाणी खळखळ उकळत होतं.

प्रेमदास जागच्या जागी उभा राहिला. तो गंगाळाकडे पाहत नव्हता, नत्थूजींच्या तळव्यांकडे पाहत होता. त्याची नजर पाहून नत्थूजींनी हात पालथे-उलथे करून बघितले. कातडी कड्यांच्या आकाराची पांढरी पडली होती आणि वर उचलू लागली होती.

"दुखत नाई?" प्रेमदासने विचारलं.

"नाई."

प्रेमदासने माठातलं गार पाणी परातीत ओतलं, नत्थूजींचे दोन्ही हात मनगटाशी धरले आणि पाण्यात बुडवून धरून ठेवले. बराच वेळ दोघं परातीजवळ उकिडवे बसून राहिले. ठसेवाले अजून आले नव्हते.

"कधीपासून हाय?"

"उजव्याले दोन पावसाळे झाले. डाव्याचं मले आताच समजलं." नत्थूजी थांबले. "हात सोडा, प्रेमदासजी. तुमाले लागन."

प्रेमदासने हात सोडले नाहीत. "तुमी मले वरून धार धरून पाणी पाजत होते, तवा मले बी लोक असंच म्हनत होते. शिवू नका, लागन. काय लागलं कोनाले?"

नत्थूजींनी मान खाली घातली. "ते वेगळं होतं."

"वेगळंच होतं. माह्यावर दवाई नव्हती. तुमच्यावर हाय."

"हे बघा, तुमाले हात जोडतो," नत्थूजी म्हणाले, पण हात पाण्यात असल्यामुळे त्यांना ते जोडता आले नाहीत. "घाणा माह्यानं बिघडला, सदाशिवरावले तसं सांगा. नोकरी जाऊ द्या. पण हे नका सांगू. माही बाई मले दगडावर भाकर ठेवन. भैयाजीवानी."

"मी कोनाले नाई सांगत. पण तुमाले घरी सांगाच लागन. आज बोटाची अक्कल गेली, उद्या बोट जाईन. लपवून लपवून किती दिवस बाह्या खाली सोडान?" मग प्रेमदास जरा थांबून म्हणाला, "दत्तपूरच्या दवाखान्यात गोळ्या भेटतात. मी येतो संगं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटरने दोघं वर्ध्याला गेले आणि तिथून दत्तपूरला. डॉक्टरांनी नत्थूजींना डोळे मिटायला लावले, कापसाच्या वातीनं अंगावर जागोजागी स्पर्श केला आणि कुठे लागलं ते सांगायला सांगितलं. नत्थूजी शाळेतल्या मुलासारखे मन लावून उत्तरं देत होते. कोपराखाली उत्तरं थांबली. डॉक्टरांनी वात खाली ठेवली.

रोग औषधाने थांबेल, असं ते म्हणाले. गोळ्या कित्येक वर्षं, चुकू न देता घ्यायच्या. घर सोडायची गरज नाही, ताट वेगळं करायची गरज नाही. गेलेली संवेदना मात्र बहुधा परत येणार नाही. "यापुढे तुमच्या बोटांचं काम डोळ्यांनी करायचं," डॉक्टर म्हणाले. "रोज संध्याकाळी दोन्ही हात नीट तपासा. भाजलं, कापलं, तरी तुम्हाला कळणार नाही. रोगापेक्षा त्या जखमांनीच बोटं जातात."

परतीच्या मोटरमध्ये नत्थूजी खिडकीतून तुरीची शेतं बघत बसले होते. वाटेतल्या सेलसुऱ्याजवळ ते एकदाच बोलले. "आता ठसा धरतो म्हटलं तं कसा धरू?"

"पाहून धरा," प्रेमदास म्हणाला.

घरी सांगायला नत्थूजींना दोन दिवस लागले. हातांना पट्ट्या होत्या, त्यामुळे देवकाबाईच त्यांना भरवत होती. त्यांना वाटलं होतं, सांगताना आधी दवाखाना, गोळ्या असं सांगत जावं आणि रोगाचं नाव शेवटी घ्यावं. पण तिने घास पुढे केला आणि त्यांच्या तोंडून नावच आधी निघालं.

तिचा हात घासासकट थांबला. मग तिने घास ताटात ठेवला आणि ती बाहेर जाऊन हात धुऊन आली. तिने किती तरी वेळ हात धुतले. नत्थूजींना पाण्याचा आवाज ऐकू येत होता.

आत येऊन ती दाराजवळच उभी राहिली. "गोळ्या जेवनाच्या आंधी घ्याच्या का मांगून?"

"मांगून."

त्या दिवसापासून तिने आपली बाज ओसरीत नेली. जेवण वाढायची, पण ताट जरा पुढे सरकवून. नेमाबद्दल पुन्हा टोमणा मारला नाही. नत्थूजींना तो टोमणा हवासा वाटू लागला.

रंगशाळेत प्रेमदासने शब्द पाळला. सदाशिवरावांना नत्थूजींनी स्वतः सांगितलं. सदाशिवराव चष्मा पुसत राहिले. "माझं काही नाही हो," ते म्हणाले, "पण बाकीची माणसं..." प्रेमदास त्यांच्याशी हळू आवाजात बराच वेळ बोलत होता. शेवटी ठरलं ते असं, की छपाईचं टेबल नत्थूजींनी सोडावं आणि प्रेमदासच्या घाण्यावर बसावं. टेबल सुटलं, हे नत्थूजींना फार लागलं. कारणाची कुणकुण लागताच दोन ठसेवाल्यांनी मधल्या माठातलं पाणी पिणं बंद केलं आणि घरून गडवे आणायला सुरुवात केली. प्रेमदासने ते पाहिलं आणि माठ रोज पूर्वीसारखाच भरून ठेवला.

तापमापक आला. हातांच्या पट्ट्या निघाल्यावर नत्थूजी तो डोळ्यांजवळ धरून शिकू लागले. आकड्यांची ओळख होती, पण बारीक रेघा वाचायला वेळ लागे. तिसऱ्या घाण्याला प्रेमदासने चाक फिरवलं आणि नत्थूजींनी पारा वाचला. "पासष्ट... सदुसष्ट... आता ओढतो निखारे." चिमट्याने, सावकाश, आपला हात कुठे आहे ते बघत त्यांनी निखारे बाजूला केले. दूध चांगलं उतरलं. निळसर, कुठे गाठ नाही. ते कापडावर छापलं दुसऱ्यांनी. नत्थूजी लांबून बघत होते.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ते ओसरीच्या कडेला उजेडात बसले आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हात तपासू लागले. एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं उघडायची, आणि दोन्ही हातांना एकमेकांचा पत्ता नाही, असं ते काम होतं. चष्मा नसल्यामुळे ते हात डोळ्यांच्या अगदी जवळ नेत होते. आत देवकाबाई दिवा लावत होती. ती दिवा घेऊन दारात आली.

"दिसते का काई?" तिने विचारलं.

"दिसते थोडंसं."

"काई दिसत नाई तुमाले. काल अंगठ्याले खरचटलेलं, थे बी नाई दिसलं." ती दिवा खाली ठेवून समोर बसली. "दाखवा."

नत्थूजींनी हात पुढे केला नाही. "नको. तू नको."

"गोळ्या घेऊन राह्यले ना?"

"हव."

"मंग दाखवा."

त्यांनी हात पुढे केला. देवकाबाईने पदराने आधी आपलं नाक पुसलं, मग त्यांचं मनगट धरलं आणि हात दिव्याकडे वळवला. तिने अंगठ्यापासून सुरुवात केली. एकेक बोट ती दोन्ही बाजूंनी वळवून बघे, दोन बोटांमधली बेचकी उघडून बघे आणि मग पुढचं बोट घेई. नत्थूजी तिच्या हातांवरची नजर काढत नव्हते. तिने कोणतं बोट धरलं आहे, हे त्यांना बघूनच कळत होतं.